खुली रोजकीर्द, झाकलेले नाव : बिटकॉइनच्या मागोव्याचा पुरावा आणि न्यायालयांचा अनुभव

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील संघीय जिल्हा न्यायालयात १२ मार्च २०२४ रोजी ज्यूरीने एका खटल्याचा निकाल दिला. 'बिटकॉइन फॉग' नावाची सेवा २०११ ते २०२१ या काळात चालवून गुन्ह्यातील पैसा धुऊन दिल्याबद्दल रोमन स्टर्लिंगोव्ह हा रशियन-स्वीडिश नागरिक दोषी ठरला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला १२ वर्षे ६ महिन्यांची शिक्षा झाली. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार या सेवेतून १२ लाखांहून अधिक बिटकॉइन गेले आणि व्यवहारांच्या वेळच्या भावाने त्यांची किंमत सुमारे ४० कोटी डॉलर होती. मात्र या सेवेचा सर्व्हर तपास यंत्रणेच्या हाती लागला नव्हता. पुराव्याचा मोठा भार एका खाजगी कंपनीच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या पैशाच्या मागोव्यावर होता. त्यामुळे आरोपीच्या दोषाइतकाच या मागोव्याच्या विश्वसनीयतेचाही प्रश्न न्यायालयासमोर उभा राहिला.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. नव्या शास्त्राची साक्ष न्यायालयात कशी रुजते, तिची पारख कोण करतो आणि पारख अपुरी राहिली तर किंमत कोणाला मोजावी लागते, याचा इतिहास शतकाहून जुना आहे. बिटकॉइनचा मागोवा हे त्या इतिहासाचे ताजे प्रकरण होय. प्रस्तुत लेखात त्याची मांडणी तीन टप्प्यांत केली आहे : मागोव्याचे तंत्र, त्याची न्यायालयीन वाटचाल, आणि भारतीय पुरावा कायद्यातील जुन्या तत्त्वांशी त्याचे नाते.

रोजकीर्द आणि खतावणी

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची मूळ मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाले. या चलनाची प्रत्येक देवघेव 'ब्लॉकचेन' या सामाईक नोंदवहीत लिहिली जाते. ही वही जगातील हजारो संगणकांवर सारखीच असते, कोणालाही पाहता येते आणि तिच्यातील जुनी नोंद मागाहून बदलणे जवळजवळ अशक्य असते.

पेढीवरच्या जुन्या हिशेबपद्धतीची भाषा वापरायची तर ब्लॉकचेन ही रोजकीर्द आहे. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती रक्कम केव्हा गेली, एवढेच ती सांगते. हा पत्ता म्हणजे अक्षरे आणि अंक यांची एक लांब माळ असते. त्यावर धन्याचे नाव नसते. एकच माणूस शेकडो पत्ते बाळगू शकतो. रोजकीर्दीवरून माणसामाणसाच्या नावाची खाती वेगळी काढणे, म्हणजे खतावणी करणे, हे काम ब्लॉकचेन करीत नाही. ते मागोवा काढणारा करतो आणि त्यासाठी त्याला अनुमानाचा आधार घ्यावा लागतो.

ही अनुमाने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिले असे की, एका व्यवहारात अनेक पत्त्यांवरील रक्कम एकत्र करून खर्च झाली असेल, तर त्या सर्व पत्त्यांच्या चाव्या एकाच धन्याकडे असाव्यात. नाकामोतो यांच्या मूळ निबंधातच या शक्यतेची दखल आहे. दुसरे अनुमान सुट्या पैशांचे. पाच बिटकॉइनच्या पत्त्यावरून तीन द्यायचे झाले, तर पाचही बाहेर पडतात आणि उरलेले दोन बहुधा देणाऱ्याच्याच एखाद्या नव्या पत्त्यावर परत येतात. हा परतीचा पत्ता व्यवहाराच्या ठेवणीवरून ओळखायचा. तिसरा प्रकार ब्लॉकचेनच्या बाहेरील माहितीचा : एक्स्चेंजमधील खात्याची कागदपत्रे, जप्त संगणक, गुप्त पोलिसांनी स्वतः करून पाहिलेले व्यवहार. या तिन्हींच्या आधारे पत्त्यांचा समूह बनवून त्याला नाव दिले जाते.

तिन्ही अनुमानांचे वजन सारखे नाही. २०१३ मध्ये सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचा पायाभूत शोधनिबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या सेवांशी त्यांनी स्वतः ३४४ व्यवहार करून पाहिले आणि त्यांचे पत्ते ओळखले. सुट्या पैशांचा नियम त्यांनी प्रथम सैलपणे लावला तेव्हा एक महासमूह तयार झाला. माउंट गॉक्स, इन्स्टावॉलेट, बिटपे आणि सिल्क रोड या परस्परांशी संबंध नसलेल्या सेवांचे पत्ते त्यात एकाच धन्याचे म्हणून एकत्र आले. संशोधकांनी ही चूक स्वतः ओळखली, निबंधात नोंदवली आणि नियम कडक केला. त्याच वर्षी ग्रेगरी मॅक्सवेल यांनी 'कॉइनजॉइन' ही पद्धत सुचवली. तीत अनेक अनोळखी माणसे ठरवून एकच व्यवहार करतात. म्हणजे पहिले अनुमानही मुद्दाम चकवता येते. वहीतील नोंद खरी असूनही खतावणी चुकू शकते, हे या विद्येच्या आरंभीच तिच्या अभ्यासकांनी दाखवून दिले होते.

दोन्ही टोके हातात असलेला मागोवा

न्यायालयात या पुराव्याचा पहिला मोठा उपयोग 'सिल्क रोड' खटल्यात झाला. अमली पदार्थांची ही गुप्त बाजारपेठ चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्ट याला ऑक्टोबर २०१३ मध्ये अटक झाली. २०१५ च्या आरंभी न्यूयॉर्क येथे चाललेल्या खटल्यात एफ.बी.आय.च्या एका माजी अधिकाऱ्याने साक्ष दिली की, सिल्क रोडच्या सर्व्हरवरील पत्त्यांवरून ७ लाखांहून अधिक बिटकॉइन उलब्रिक्टच्या लॅपटॉपमधील वॉलेटमध्ये गेले. त्याला जन्मठेप झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली.

या साक्षीचे सामर्थ्य कशात होते, हे पाहण्याजोगे आहे. येथे सर्व्हरही जप्त होता आणि लॅपटॉपही. दोन्हीकडचे पत्ते प्रत्यक्ष वस्तूंमधून मिळाले होते. मधली वाट तेवढी रोजकीर्दीवरून वाचायची होती. अनुमानाला फारसा वाव नव्हता. याच प्रकरणाच्या तपासातील दोन सरकारी अधिकाऱ्यांनी बिटकॉइन लाटल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, तेही अशाच मागोव्यातून, आणि दोघांनीही गुन्हा कबूल केला. मागोव्याची विद्या तपास करणाऱ्यांनाही सोडत नाही, हा तिच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. तिच्यावर सरसकट अविश्वास दाखवणे म्हणूनच उचित ठरणार नाही.

पुढील वर्षांत मात्र दोन बदल झाले. मागोवा काढणे हा मोठा व्यवसाय बनला आणि अनुमानांचे नियम कंपन्यांच्या मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. तसेच दोन्ही टोके हातात नसलेल्या प्रकरणांतही त्याचा उपयोग होऊ लागला. २०२२ मध्ये वॉशिंग्टनचे दंडाधिकारी न्यायाधीश झिया फारुकी यांनी झडतीचे वॉरंट देण्यापुरता असा मागोवा विश्वसनीय मानला. वॉरंटसाठी लागणारे 'संभाव्य कारण' आणि दोषसिद्धीसाठी लागणारा निःसंशय पुरावा यांत मोठे अंतर आहे. पहिल्या ठिकाणी मिळालेली मान्यता दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालू शकत नाही.

वॉशिंग्टनमधील पारख

शास्त्रीय साक्षीची पारख करण्याचा अमेरिकेतील जुना निकष वॉशिंग्टन येथीलच अपील न्यायालयाने १९२३ मध्ये 'फ्राय' प्रकरणात घालून दिला. रक्तदाबावरून खोटे ओळखण्याची चाचणी तेव्हा नाकारली गेली, कारण तिला त्या शास्त्राच्या जाणकारांत सर्वसाधारण मान्यता नव्हती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'डॉबर्ट' प्रकरणात अधिक विस्तृत निकष दिले : पद्धतीची चाचणी घेता येते का, ती तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेली आहे का, तिच्या चुकीचे प्रमाण किती, तिच्या वापराचे नियम कोणते, आणि जाणकारांत तिला मान्यता आहे का. साक्ष ज्यूरीपुढे जाऊ द्यावी की नाही, हे या निकषांवर न्यायाधीशाने ठरवायचे असते.

बिटकॉइन फॉग प्रकरणात 'चेनॅलिसिस' कंपनीच्या 'रिअॅक्टर' या सॉफ्टवेअरची अशी पारख झाली. २०२३ मध्ये कंपनीच्या तपास विभागाच्या प्रमुख महिलेने साक्षीत मान्य केले की, सॉफ्टवेअरच्या अचूकतेचा शास्त्रीय पुरावा आपल्या माहितीत नाही. बचाव पक्षाच्या वतीने एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या तज्ज्ञाने लेखी अहवालातून पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. न्यायाधीश रॅन्डॉल्फ मॉस यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ही साक्ष ग्राह्य ठरवली. डॉबर्टचे निकष लवचीक आहेत, तपासात इतरत्र मिळालेल्या माहितीशी सॉफ्टवेअरचे निष्कर्ष ताडून पाहता येतात, आणि उरलेल्या शंका उलटतपासणीत मांडण्याची संधी बचाव पक्षाला आहे, अशी त्यांच्या विचाराची दिशा होती.

या निर्णयाला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. खटल्यात मागोवा एकटा नव्हता. सेवेच्या संकेतस्थळाच्या नोंदणीचे पैसे कोणत्या खात्यांतून फिरत गेले, याची जुन्या एक्स्चेंजच्या नोंदींवरून लावलेली साखळी होती. गुप्त तपासनिसांनी सेवेशी केलेले व्यवहारही होते. तरीही एक गोष्ट अनुत्तरित राहते. पद्धत अनेक तपासांत उपयोगी पडली, हे तिचे यश झाले. ती किती वेळा चुकली, हे त्यातून कळत नाही. मागोवा निष्फळ ठरला तर ते प्रकरण बहुधा न्यायालयापर्यंत येतच नाही. यशाचीच मोजदाद झाली तर चुकीचे प्रमाण शून्य वाटणारच.

ठशांच्या इतिहासातील धडा

उपयोग आणि अचूकता यांची ही गल्लत नवी नाही. बोटांच्या ठशांच्या पुराव्याच्या आरंभीच्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याच उपखंडात घडला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे-विभाग सुरू झाला. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणाचे बरेचसे गणित काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी बसवले होते. बंगालमधील जलपायगुडी येथील चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला १८९८ मध्ये चालला. कागदपत्रांत सापडलेल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा ठसा होता आणि तो जुन्या नोकराच्या नोंदीतील ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवले, पण खुनाच्या आरोपातून सोडले. ठशावरून तो पंचांगाजवळ होता एवढे सिद्ध झाले. सुरी त्याच्याच हातात होती, हे सिद्ध झाले नाही. पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच मानायचे, हा विवेक या आरंभीच्या प्रकरणात दिसतो.

पुढील शंभर वर्षांत ठशांना अचूकतेची ख्याती मिळाली आणि हा विवेक सैल झाला. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद येथे रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. तेथील एका पिशवीवरचा ठसा एफ.बी.आय.ने अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचा ठरवला. खात्याच्या तीन परीक्षकांनी ठसा जुळल्याचे सांगितले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. स्पेनच्या पोलिसांनी आधीपासून शंका घेतली होती. मे महिन्यात या वकिलाला दोन आठवडे कोठडीत ठेवण्यात आले आणि त्यानंतर स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचे जाहीर केले. अमेरिकन सरकारने माफी मागितली आणि २०० लाख डॉलरच्या दशांशाइतकी, म्हणजे २० लाख डॉलर भरपाई दिली. वकील इस्लाम स्वीकारलेला होता. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००६ च्या अहवालात म्हटले की, ठसा प्रथम जुळवताना परीक्षकांना त्याचा धर्म ठाऊक नव्हता. परंतु शंका उपस्थित झाल्यावर फेरविचार नीट न होण्यास त्याचा धर्म आणि त्याने पूर्वी चालवलेले वकीलपत्र यांचीही भर पडली असावी.

या प्रकरणाचा बोध मागोव्याच्या पुराव्याला तंतोतंत लागू पडतो. यंत्राने किंवा तज्ज्ञाने एकदा नाव दिले की, पुढील सारी माहिती त्या नावाभोवती रचली जाऊ लागते. ज्या समाजघटकांकडे तपास यंत्रणा आधीच संशयाने पाहतात, त्यांच्या बाबतीत ही रचना अधिक वेगाने होते.

सनद आणि अज्ञात रावी

ज्ञानव्यवहारात साखळीची पारख कशी करावी याचा एक परिपक्व नमुना इस्लामी विद्यापरंपरेत आहे. हदीसच्या विद्वानांनी मजकूर (मतन) आणि तो पोहोचवणाऱ्यांची साखळी (सनद) यांचा विचार वेगवेगळा केला. सनद मुत्तसिल, म्हणजे अखंड असणे ही एक अट झाली. प्रत्येक रावी ज्ञात असणे, त्याची सचोटी आणि स्मरणशक्ती तपासलेली असणे ही दुसरी. यासाठी अस्मा-उर-रिजाल आणि जर्ह व तादील या स्वतंत्र विद्याशाखा उभ्या राहिल्या. साखळीतील एखादा रावी मजहूल, म्हणजे अज्ञात राहिला, तर रिवायत सामान्यतः कमकुवत गणली गेली.

तुलना केवळ पद्धतीपुरती आहे. दोन्ही क्षेत्रे भिन्न आहेत. पण पद्धतीचा मुद्दा नेमका आहे. ब्लॉकचेनची साखळी अखंड असते, तिच्यातील कड्या मात्र मजहूल असतात. साखळी तुटलेली नाही म्हणून कडीची ओळख पटली, असे जुन्या मुहद्दिसांनी मानले नसते.

भारतीय कायद्यातील आधार

भारतात रिझर्व्ह बँकेचे आभासी चलनावरील २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तेचे व्यवहार हाताळणारे व्यावसायिक काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. या कायद्याच्या कलम २४ नुसार पुराव्याचा भार बराचसा आरोपीवर येतो. मात्र जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षाने सिद्ध करायची आहेत. आभासी चलनाच्या प्रकरणात हे तथ्य बहुधा मागोव्याचेच असते. तेथेच अनुमान कच्चे राहिले आणि भार आरोपीवर सरकला, तर 'हा पत्ता माझा नाही' हे नकारार्थी विधान सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येते.

इलेक्ट्रॉनिक नोंदीबाबत पूर्वीचे कलम ६५-ब आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ प्रमाणपत्र मागतात. जालना येथील निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली. तथापि प्रमाणपत्र नोंदीच्या अस्सलपणाची हमी देते, नोंदीवरून काढलेल्या अनुमानाची नाही. सॉफ्टवेअरने छापलेला आलेख प्रमाणपत्रासह सादर झाला, तरी त्यातील खतावणी बरोबर आहे हे वेगळे सिद्ध करावेच लागेल.

याहून जुना आणि अधिक उपयुक्त आधार १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये सापडतो. नव्या अधिनियमात तो कलम २८ मध्ये आहे. व्यवसायात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी संबद्ध आहेत, पण केवळ त्यांच्या जोरावर कोणावर जबाबदारी टाकता येत नाही, असे हे कलम सांगते. १९९८ मध्ये जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावला. तेथील वह्यांत रकमा होत्या आणि नावांची आद्याक्षरे होती. नोंदींना स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, असे न्यायालयाने म्हटले आणि देशातील मोठमोठ्या पुढाऱ्यांवरील आरोप टिकले नाहीत. आद्याक्षरापासून माणसापर्यंतचे जे अंतर तेथे होते, तेच बिटकॉइनच्या पत्त्यापासून माणसापर्यंत आहे. पुढाऱ्यांना मिळालेले हे संरक्षण तत्त्वतः सामान्य आरोपीलाही मिळाले पाहिजे.

तज्ज्ञावरील अवलंबित्वाचा धोका महाराष्ट्रातही दिसला आहे. आभासी चलनाच्या एका मोठ्या फसवणुकीच्या २०१८ च्या तपासात मदतीस घेतलेल्या दोन तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधील चलन परस्पर वळवल्याचा आणि शिल्लक दाखवणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निर्णय न्यायालयाने करायचा आहे. पण तज्ज्ञाचे काम दुसऱ्या कोणाला तपासता आले पाहिजे, ही गरज त्यातून पुरेशी स्पष्ट होते.

समारोप

बिटकॉइनच्या मागोव्याचा पुरावा टाकाऊ नाही आणि स्वयंसिद्धही नाही. त्यात तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. नोंद अस्सल आहे का? पत्त्यांचा समूह बनवण्याची पद्धत तपासलेली आहे का? आणि तो समूह याच माणसाचा आहे, हे ब्लॉकचेनबाहेरील कोणत्या पुराव्याने ठरते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्लॉकचेन भक्कमपणे देते, आणि त्या भक्कमपणाची सावली उरलेल्या दोन प्रश्नांवर पडते. सिल्क रोड प्रकरणात तिसऱ्याचे उत्तर जप्त लॅपटॉपने दिले. बिटकॉइन फॉगमध्ये ते अनेक धाग्यांतून विणावे लागले. ओरेगॉनमध्ये अचूकतेच्या ख्यातीने दुसरा प्रश्नच विचारू दिला नाही.

वाणिज्य, कायदा, संगणकशास्त्र आणि इतिहास या चारही विषयांच्या वर्गांत हे तीन प्रश्न वेगवेगळे करून शिकवता येण्याजोगे आहेत. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला रोजकीर्द आणि खतावणी यांतील फरक पहिल्याच वर्षी कळतो. तोच फरक न्यायालयात पाळला गेला नाही, तर हिशेबातील चुकीची शिक्षा माणसाला भोगावी लागते.